आधी पाणी उतरवा

टोइंग म्हटलं की ठाण्यात लोकांना नो-पार्किंगमधून स्कूटर उचलणारी गाडी आठवते आणि कपाळावर आठी येते. आमचा धंदा तो नाही. माजिवड्याजवळच्या गाळ्यात आम्ही गाड्यांना हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा आकडा, बसवतो, दोर ओढणारी विंच बसवतो, आणि कुणी घाटात, शेतात, नदीपात्रात फसलं की काढायला जातो. पूर्वी हे जीपवाल्यांपुरतं वेड होतं. करोनानंतर कॅम्पर ट्रेलर दिसायला लागले. दोन चाकांचा गाडा, वर घडी केलेला तंबू, मागे खेचून काढायचा ओटा, सिंक, पाण्याची टाकी, छपरावर सोलर. राज्य सरकारनंही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. वस्तू चांगली आहे, मला आवडते. फक्त विकणारा गिऱ्हाइकाला तंबू उघडून दाखवतो, ओटा दाखवतो. ड्रॉबारवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, किती वजन यायला हवं हे सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला तेव्हा मृग लागून दोन-तीन सरी होऊन गेल्या होत्या. घोडबंदर रोडला राहणारे एक गृहस्थ. डोळखांबच्या पुढे डोंगराच्या पोटात त्यांनी जागा घेतलेली, वरपर्यंत जेसीबीनं वाट काढलेली, आणि आदल्या संध्याकाळी थारमागे नवाकोरा कॅम्पर लावून ते सहकुटुंब वर निघालेले. अर्ध्या वाटेत गाडी थांबली, मग मागे घसरली. ट्रेलरचं एक चाक कडेबाहेर गेलं आणि थार त्याला जवळजवळ काटकोनात येऊन अडकली. बायको-मुलं रात्री खालच्या पाड्यावर एका घरात झोपली, हे मात्र नशिबानं गाडीत झोपले नाहीत.

"ट्रॅक्टर मिळतोय भाऊ, तोवर लावून बघू का?"

"अजिबात नको साहेब. सगळ्या चाकांमागे चांगले मोठे दगड लावा. गाडी फोर-लोमध्ये पहिल्या गिअरला टाकून बंद ठेवा. आणि ट्रेलरच्या खालच्या बाजूला कुणालाही उभं राहू देऊ नका."

फोर-लो म्हणजे चारही चाकं चालवणारा हळू गिअर. तो का, तर हँडब्रेक धरतो फक्त मागच्या चाकांना. फोर-लोमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी जोडला जातो, म्हणजे चारही चाकं मिळून गाडी धरतात. चढावर उभ्या गाडीला एवढाही आधार पुष्कळ असतो.

खारेगावच्या खाडीपुलावर नेहमीची रांग, माणकोलीला आणखी एक. पडघा ओलांडल्यावर आमची गुरखा जीप जरा पळाली. शहापूरला हायवे सोडला तेव्हा समोर माहुलीचे सुळके स्वच्छ दिसत होते, म्हणजे दुपारपर्यंत वेळ होता. बरोबर आमचा पोरगा होता, तीनेक वर्षांपासून माझ्याकडे आहे, हात चांगला आहे पण घाई फार.

वाट पाहिली आणि जेसीबीवाल्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. पाण्याला उतार कुठे द्यायचा याचा विचारच नाही. चढ चारास एक, म्हणजे चार फूट पुढे गेलं की एक फूट वर. असल्या चढावर नऊशे किलोचा ट्रेलर नुसता उभा धरायला सव्वादोनशे किलोची ओढ लागते. चाक खड्ड्यात असेल तर त्याहून जास्त. आणि नव्यानं उकरलेल्या मुरुमावर पहिल्या सरी पडल्या की वरचा बोटभर थर निसरडा होतो, खाली तो कोरडाच.

वर पोचल्यावर मी आधी कपलिंग, म्हणजे गाडी आणि ट्रेलरचा जोड, बघितलं. लोक चाकं बघतात, मी हिचवरचा लोखंडी गोळा, टो बॉल बघतो. पन्नास मिलिमीटरचा बॉल होता. त्याच्या माथ्यावरचं ग्रीस जसंच्या तसं, आणि खालच्या अंगाला, जिथे कपलिंगची जीभ अडकते, तिथलं ग्रीस पुसून लोखंड चकाकत होतं. म्हणजे ट्रेलर बॉलवर बसलाच नव्हता. बॉलला खालून वर उचलत होता.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हिचवर खाली दाबला गेला पाहिजे. कमी पडला तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, फार झाला तर गाडीचं नाक वर जातं. इथे उलटाच प्रकार. शंभर लिटरची पाण्याची टाकी पार मागे, म्हणजे शंभर किलो तिथेच. तिच्याशेजारी जनरेटर, वर बर्फाची पेटी आणि खुर्च्या. सपाटीवर ते कसंबसं निभावलं. चढाला लागल्यावर सगळा भार आणखी मागे कलला, ट्रेलरनं नाक वर केलं आणि थारची मागची चाकं हलकी झाली. चढावर खरं काम मागची चाकं करतात. ती फिरत राहिली, गाडी थांबली, साहेबांनी ब्रेक दाबला.

आणि खरा घोळ इथे आहे. या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक होता. गाडीनं वेग कमी केला की ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्यानं ड्रॉबार आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. उतारावर झकास चालतं. पण चढावर थांबलात तर ट्रेलर ढकलत नाही, मागे खेचतो. ड्रॉबार ताणलेलाच राहतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतच नाहीत. अडीच टनांचा सगळा संसार थारच्या चार चाकांवर, त्यातली दोन हलकी. ऑस्ट्रेलियात, जिथे असले ट्रेलर रानात नेण्याची जुनी रीत आहे, साडेसातशे किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत आणि रानात जाणारे बहुतेक इलेक्ट्रिक ब्रेक लावतात. त्याचं बटण चालकाच्या हाताशी असतं, गाडी पुढे जावो की मागे, दाबलं की ट्रेलर धरतो. तिकडे रानात जाणाऱ्यांचा हिचही बहुधा साध्या बॉलचा नसतो, सर्व बाजूंनी फिरणारा असतो, म्हणजे खड्ड्यात ट्रेलर एका अंगावर गेला तरी कपलिंग पिळवटत नाही. आपल्याकडे तंबू ऑस्ट्रेलियन पद्धतीचा आणि ब्रेक सपाट रस्त्याचा, असं लग्न लावून देतात.

साहेबांचं म्हणणं, विंचनं दोन्ही एकदम वर ओढा, वळण पार झालं की पुढे सोपं आहे. ताकद होती, नाही म्हणत नाही. पण काटकोनात अडकलेली जोडी ओढली तर आधी हिच वाकतो, मग ट्रेलर पूर्ण कडेबाहेर जातो आणि जाताना गाडीला घेऊन जातो. मी ठरवलं की जोडी सोडवायची. थार एकटी वर, ट्रेलर एकटा उलटा खाली.

वळणाच्या वर, बरोबर ट्रेलरच्या रेषेत, ऐनाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याला रुंद बेल्ट गुंडाळला आणि दीड टनी टिरफोर, म्हणजे दांडीनं दोर ओढायचं यंत्र, लावला. इलेक्ट्रिक विंच मी ओझं उतरवायला वापरत नाही. तिचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, भार सोडत राहिलं की तापतो. टिरफोर हातानं चालतो. ओढायची दांडी वेगळी, सोडायची वेगळी, प्रत्येक हेलकाव्याला दोर दोन-तीन बोटं सरकतो. फार भार आला तर दांडीतली पिन तुटते, पण दोर सुटत नाही. दोराचं टोक शॅकलच्या कडीनं ट्रेलरच्या चासीला. थारला दुसरा बेल्ट, तो वरच्या खडकाला.

दोर ताणला गेल्याबरोबर आमचा पोरगा कपलिंगच्या खटक्यावर वाकला.

"हात काढ!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली. "तोंड बाजूला घे आधी. खटका उघडलास की ड्रॉबार उसळून थेट हनुवटीवर येईल."

"शेठ, मग सोडवायचं कसं?"

"आधी पाणी उतरवायचं."

पण नळ उघडून शंभर लिटर पाणी त्याच वाटेवर सोडलं असतं तर ट्रेलर उतरवायला वाटच उरली नसती. बादल्या दोन. मी विचार करत होतो तेवढ्यात खालून एक मावशी वर आल्या. त्यांनी टाकीवर बोटांनी टकटक केली आणि विचारलं, "पियाचं पानी हाय का?"

शहापूर तालुका ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. भातसा, तानसा, मोडकसागर, मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. मृगाच्या दोन सरींनी विहिरीला पाणी येत नाही. दहा मिनिटांत हंडे-कळशांची रांग लागली, वरच्या अंगानं, कारण खालून येऊ नका असं मी बजावलं होतं. एका बाईनं नळाखाली हंडा धरावा, दुसरीनं तो उचलायच्या आत आपला सरकवावा, थेंब सांडत नव्हता. साहेबांच्या बाईसाहेबही रांगेत हंडा धरायला उभ्या राहिल्या. टाकी कोरडी झाली, मग जनरेटर आणि बर्फाची पेटी उतरवली, आणि ड्रॉबार आपसूक खाली बसला. बॉलवर कपलिंग टेकल्याचा टक् असा आवाज झाला, तो मी मुद्दाम पोराला ऐकवला.

कडेबाहेरच्या चाकाचं काम पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी केलं. आम्ही जॅक आणि फळ्या काढत होतो, ते बघून त्यांना राहवलं नाही. "त्या फळीनं नाय व्हायाचं, दगड रचावं लागंल." खाली त्यांच्याच खाचराचा बांध होता. नातवाकडून त्यातले दगड आणवले आणि चाकाखाली कोरडी रचाई उभी केली. प्रत्येक दगड हातात फिरवून त्याचं तोंड आत, पाठ बाहेर. एक दगड मी पुढे केला तो त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवून दिला. रचाई चाकाला भिडली तेव्हा त्यांनी वर उभं राहून दोनदा पाय आपटले. त्यानंतर मी जॅक उतरवला. चाक बसलं, एकही दगड हलला नाही.

पुढचं सुरळीत झालं. पुढचं छोटं चाक टेकवलं, लाइटचा प्लग काढला, खटका उघडला, सेफ्टी चेन सगळ्यांत शेवटी. थारच्या टायरांतली हवा बावीसपर्यंत उतरवली आणि ती पहिल्या गिअरमध्ये काही झालंच नाही अशी वर निघून गेली. ट्रेलर मात्र तासभर घेऊन गेला. पोरगा टिरफोरच्या दांडीवर, मी ड्रॉबारशी वरच्या बाजूला, दगड लावायला बाबांचा नातू. ड्रॉबार डावीकडे रेटला की शेपूट उजवीकडे जातं, हे डोक्याला कळतं पण हाताला कळायला वेळ लागतो. दर हातभर उतरलं की थांबायचं, चाकामागे दगड, दोर बघायचा, पुन्हा. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाकून ठेवलेलं, आणि तो ओलांडायला मनाई, अगदी साहेबांनासुद्धा. त्यांनी एकदा पाय उचलला होता.

ट्रेलर खाली खळ्यावर टेकला तेव्हा आजोबा डोंगराचा कडा ढगात गेला होता. गाडीत मी घरातला साधा वजनकाटा ठेवतो, बाथरूममध्ये असतो तो. सामान पुन्हा भरलं, या वेळी जनरेटर एक्सलच्या पुढे, आणि कपलिंगखाली लाकडाचा ठोकळा देऊन काट्यावर टेकवलं. पंच्याऐंशी किलो. साहेब काट्याकडे बघत राहिले.

"म्हणजे आता वर नेता येईल?"

"नेता येईल. उतरवता येईल का ते सांगत नाही." मग जरा मऊ आवाजात म्हटलं, "साहेब, इलेक्ट्रिक ब्रेक लावून घ्या, टाकी पुढे सरकवून घ्या, वाटेला गटार काढून पावसाळाभर मुरूम बसू द्या. दिवाळीनंतर बघू. आज तंबू इथेच खळ्यावर लावा."

त्यांना ते पटलं की थकले होते म्हणून ऐकलं, कोण जाणे. पैशाचं बोलणं झालं, त्यांनी घासाघीस केली नाही. आम्ही बेल्ट गुंडाळत होतो तेव्हा बाबा पुन्हा आले आणि साहेबांसमोर उभे राहिले.

"दगड बांधाचं हायेत. पानी आलं म्हंजी खाचर फुटंल माझं."

साहेबांनी खिशात हात घातला. बाबांनी मान हलवली. "पैसं नको. दगड आना."

त्यामुळे निघायला आणखी अर्धा-पाऊण तास गेला. मी, पोरगा, नातू आणि साहेब, चौघं त्या चढावरून एकेक दगड खाली आणत होतो आणि बाबा बांधावर बसून कुठला कुठे जायचा ते सांगत होते. साहेबांनी आणलेले दोन त्यांनी परत पाठवले. ते आमच्या रचाईतले नव्हते, वाटेवरचेच उचलले होते.