तीन तारांपैकी दोन

“करंट गेला” असा फोन आला तर आम्हा वीज खात्याच्या लाईनवाल्यांना बरं वाटतं. गेला तर सगळ्यांचा गेला, फॉल्ट कुठंतरी आहे, जाऊन शोधायचा. गेल्या जुलैत रात्री साडेनऊला आलेला फोन तसा नव्हता. जांबोटीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या बाई सांगत होत्या, “आमच्यात बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसतोय बघा, फ्रिज नुसता घूं घूं करतोय. आणि समोरच्या आळीत लख्ख आहे. असं कसं हो?”

असं कसं ते मला ताटावरच कळलं होतं. 11 केव्हीच्या तीन तारांपैकी एक कुठंतरी सुटली की टीसीच्या एका फेजवर पूर्ण व्होल्टेज राहतं आणि उरलेल्या दोन्हींवर निम्म्यावर येतं. (ट्रान्सफॉर्मरला आम्ही टीसी म्हणतो, पलीकडं चंदगडला गेलात की त्याचीच डीपी होते.) साडेआठला फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी ती लाईन, ट्रिप झाला होता, आपोआप बंद पडला होता. सबस्टेशनच्या ऑपरेटरनं दोन मिनिटांनी परत चालू केला तर लाईन धरली, पुन्हा पडली नाही. ट्रिप होऊन धरली आणि मागून एक फेज नाही, एवढं कळल्यावर पहिलं काम लाईन बंद करायला लावण्याचं. मी ते केलं नाही. जीओएसवरचा (पोलावरच्या मोठ्या स्विचवरचा) जंपर, म्हणजे जोडतारेचा तुकडा, जळाला असेल, जाऊन बघू, पाऊसपाण्याचं दहा गावं कशाला अंधारात ठेवायची, असा विचार केला. मी खानापूर तालुक्यात चौदा वर्षं पवरमॅन आहे. चौदा वर्षांच्या माणसाचीच ही चूक. नवा असता तर घाबरून आधी फोन केला असता.

निघालो तिघं. मी, आमचे मामा (नात्यानं कुणाचेच नाहीत, पण सगळं सेक्शन त्यांना मामाच म्हणतं, ह्या रानातला पोलन्‌पोल त्यांना पाठ) आणि विजयपूरकडचा एक पोरगा, नोकरीला आठ महिने झालेला. त्यानं जन्मात एवढा पाऊस बघितला नव्हता. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे त्यानं शाळेत वाचलं होतं, पण ती सगळी आपल्या डोक्यावरून वाहणार आहे असं कुणी सांगितलं नव्हतं म्हणे.

आता बॅटरीचं सांगायला पाहिजे. टॉर्च म्हणा, विजेरी म्हणा, आमच्यात बॅटरीच. आधी माझ्याकडं ती पुढं-मागं ओढून झूम होणारी होती, बाजारातून साडेतीनशेला आणलेली. आतल्या सेलवर ठळक छापलं होतं, 9900 एमएएच. पहिला आठवडा झकास चालली. मग वीस मिनिटांत मान टाकायला लागली. एकदा भावोजींच्या सोनारकामाच्या काट्यावर मी तो सेल ठेवून बघितला तर 27 ग्रॅम. ह्या मापाचा, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब, खरा लिथियम सेल 45 ग्रॅमच्या वर भरतो. आणि 3500 च्या आसपास गेला तरी डोक्यावरून पाणी. 9900 त्यात मावतच नाहीत. आत काय भरलं होतं कोण जाणे. भावोजी म्हणाले कापून बघू या, मी म्हटलं तुमचं दुकान जाळायचं आहे काय?

म्हणून जूनमध्ये बेळगावला गणपत गल्लीत गेलो. दुकानदार प्रत्येक खोक्यावरचं लुमेन वाचून दाखवायचा. दहा हजार, वीस हजार, एकावर तर लाख. लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण बाहेर पडणारा उजेड. तो सगळा पायापाशी सांडला तरी लुमेन तेवढंच. मला पोलावरचं बघायचं असतं, आणि एका पोलावरून पुढच्या पोलापर्यंतची, पन्नास-साठ मीटरची तार. ती तार दिसायला उजेड एकवटलेला लागतो. त्याचं माप कॅन्डेला. चांगल्या खोक्यावर ते बारीक अक्षरात असतं, शेजारी मीटर असतात. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ते मीटर येतात. मी घेतली तिच्यावर वीस हजार कॅन्डेला आहे, म्हणजे 280 मीटरच्या आसपास. पण त्या 280 मीटरवर पोचतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. तेवढ्यात माणूस उभा आहे का झाड, हेसुद्धा सांगता येत नाही. साठ मीटरवर मात्र त्याच्या वीसपट उजेड पडतो, आणि मला साठच पाहिजेत.

दुकानदाराला मी खिशातला रबरी हातमोजा काढून घालून दाखवला आणि म्हटलं, ह्या हातानं चालू-बंद होईल ती द्या. त्यातच निम्म्या बाद झाल्या. नाजूक बटणाच्या, कडेला बटण असलेल्या, तीनदा दाबून धरायच्या. राहिली ती वितीपेक्षा आखूड, शेपटीला मोठं बटण, आत 21 मिलिमीटरचा जाड सेल, पाण्यात बुडाली तरी चालेल अशी. बुडाशी लोहचुंबक, टीसीच्या पेटीवर चिकटवता येतो म्हणून मी खूश. नंतर मामांनी झापलं. बाहेरून ॲल्युमिनियमची वस्तू, उघड्या फ्यूजजवळ चिकटवतोस? आता पेटीच्या पाठीवर लावतो, तेही लाईन बंद केल्यावर. एकच नावडलं होतं, ते भकाभक लुकलुकणं. वरातीतल्या डीजेला ठीक, मला काय त्याचं. दोन हजार सहाशे गेले. घरी अठराशे सांगितले आहेत.

तर जीओएसपाशी पोचलो, जंपर तिन्ही शाबूत. म्हणजे पुढं चालत जाणं आलं. लाईन काजूच्या बागेतून वर चढते, मग शेताच्या कडेनं बैलगाडीची वाट आणि रान. ढग इतका खाली उतरलेला की पोराच्या डोक्यावरच्या पट्टीच्या बॅटरीनं समोर नुसती पांढरी भिंत उभी राहत होती. डोळ्यांच्या शेजारून निघालेला उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांतच येतो. त्याला म्हटलं, बंद कर ती, बॅटरी हातात घेऊन कमरेखाली धर. त्याच्याकडं हातातली नव्हतीच. त्यानं मोबाइलचा लावला आणि पुढं झाला. मोबाइलचा उजेड पावसात चार पावलं. बावळटासारखं मी त्याला पुढं जाऊ दिलं, कारण मी वर बघत होतो.

वर बघायचं म्हणजे मोजायचं. प्रत्येक पोलावर तीन इन्सुलेटर, दोन पोलांमधल्या प्रत्येक गाळ्यात तीन तारा. उजेडात पावसाचे थेंब सुया पडाव्या तसे चमकतात, त्यांच्या मागं तार शोधायची. रॅबिट कंडक्टर, करंगळीएवढी जाडी, सहा ॲल्युमिनियमच्या आणि मधे एक पोलादी काडी. इन्सुलेटर तपकिरी, ओला. समोरून झोत मारला तर नुसता चकाकतो, तडा दिसत नाही. दोन पावलं बाजूला सरून तिरका मारला की जळकी रेघ दिसते. एकदा मामांनी मागून खांदा दाबला. खाली झुडपात दोन हिरवे दिवे. गवा. बॅटरी त्याच्या डोळ्यांवरून काढली, थांबलो, तो गेला. गव्याचं एवढंच, आमच्याकडं ते रोजचं.

पुढच्या पोलावर तीन. त्याच्या पुढच्यावर तीन. तिथून पुढच्या गाळ्यात झोत फिरवला आणि मोजल्या, दोन. डोळे पुसून परत मोजल्या. दोनच.

तिसरी पोलापासून खाली लोंबत होती. झोत तिच्यावरून हळूहळू खाली आणला. गवतात शिरली, वाटेवर आली, वाटेच्या आडवी गेली. ओल्या गवतात गोगलगाय गेल्यावर रेघ राहते तशी चकचकीत. आणि तिच्या अलीकडं दहा-बारा पावलांवर मोबाइलचा तो ठिपका, पुढं सरकत.

“निल्लुऽऽ!” मी कानडीत ओरडलो, थांब. मराठीत ओरडलो असतो तर त्यानं आधी “काय अण्णा?” म्हणत अजून दोन पावलं टाकली असती.

तो थांबला. बरं झालं, मागं वळून पळाला नाही. पडलेल्या तारेभोवती जमिनीवर दर पावलागणिक व्होल्टेज कमी होत जातं. लांब ढांग टाकली तर एका पायाला एक, दुसऱ्याला दुसरं, आणि करंट मधून जातो. “पाय जोड. उचलू नकोस. घासत ये,” मी सांगत राहिलो, मामा कानडीत तेच सांगत राहिले. मी झोत त्याच्या पायाशी धरला होता. गमबूट चिखलात बोट-बोट मागं सरकत होते, उजवा, डावा, उजवा. किती वेळ लागला सांगता येणार नाही. शेजारी आला तेव्हा त्याच्या मोबाइलवर पाणी साचलेलं होतं आणि तो अजून चालूच होता.

तार जिवंत होती. आधी तुटताना कुठंतरी खटकली असेल, तेव्हा फीडर ट्रिप झाला. नंतर ती जांभ्या दगडावर पडून राहिली. असल्या जागी तारेतून जमिनीत करंट इतका कमी जातो की रिलेला, म्हणजे सबस्टेशनात फॉल्ट ओळखून लाईन पाडणाऱ्या यंत्राला, तो नेहमीचा लोड वाटतो आणि लाईन धरते. मला हे परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते.

रेंज नव्हती. मामा मागं काजूच्या चढावर गेले, तिथं एका दगडावर उभं राहिलं की दोन काड्या येतात. मी आणि पोरगा तिथंच थांबलो, तारेपासून चांगलं पन्नास पावलं मागं. वाट गावाची आहे, कुणीही येईल. बॅटरी मंद करून काजूच्या फांदीला टांगली. पूर्ण उजेडावर ती पाच मिनिटांत तापून आपोआप उतरते, तो भर दुकानात दाखवण्यापुरता. मंदावर रात्रभर जाते.

पलीकडून, म्हणजे तारेच्या त्या बाजूनं, एक मोटारसायकलचा दिवा उतरताना दिसला. ओरडून काही उपयोग नव्हता, पाऊस आणि इंजिन. मी फांदीवरची बॅटरी ओरबाडली आणि ते नावडतं लुकलुकणं लावून त्याच्या तोंडावर धरलं. गाडी थांबली. वरून शिव्या आल्या, अस्सल मराठीत, आईपासून सुरुवात. मी म्हटलं, द्या, पण तिथूनच द्या.

अकरानंतर मामांनी लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद केल्याची सबस्टेशनची खात्री, घेतल्याचा आवाज दिला. तरीसुद्धा रॉडनं तपासून दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे तारा जमिनीला जोडल्याशिवाय, हात लावला नाही. तुटलेल्या तारेचं पलीकडचं टोकदेखील टीसीतून उलटं जिवंत राहू शकतं, ते लोक विसरतात. जोड द्यायला स्लीव्ह आणि माणसं वरून यायला उजाडलं. तार तोडणारी फांदी कुजकी निघाली, ऐनाच्या झाडाची, वरून पडून तारेवर आली होती. वहीत एक ओळ लिहिली, कंडक्टर तुटला, जोडला, लाईन चार्ज केली. आधी बंद का केली नव्हती ते मला कुणी विचारलं नाही. मामांनी विचारलं, घरी परतताना, एकदाच, आणि उत्तराची वाट न बघता विडी पेटवली.

पगार झाल्यावर पोरगा म्हणाला, अण्णा, मला बी एक घ्यायची हाय. दोघं बेळगावला गेलो. दुकानात शिरल्या-शिरल्या त्यानं पहिली उचलली ती लाख लुमेनवाली, निळ्या उजेडाची, खोक्यावर वाघ असलेली. मी काही बोललो नाही. दुकानदाराला विचारलं, “इथं जवळ काटा कुणाकडं आहे हो? सोनाराचा.”