मागून ठेवायची गोळी

“मॅडम, तोंडानं घ्याची गोळी नाई का काई?”

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुमच्याआधी कितीतरी जणींनी शाळा सुटल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून विचारलंय म्हणून, नीट लिहिते. तोंडानं घ्यायची गोळी आहे. पण आपल्या आजारात पहिला मान मागून, म्हणजे संडासच्या वाटेनं, आत ठेवायच्या गोळीचा आहे. लाजेपायी ती सोडू नका.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस. मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा भाग म्हणजे गुदाशय, साधारण १५ सेंटीमीटर लांबीचा. त्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, बारीक जखमा होतात आणि रक्त झिरपतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात तोच हा आजार, फक्त गुदाशयापुरता. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, म्हणून तो होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं ठेचा जास्त खाल्ला. तिखटानं आग वाढू शकते, पण ठेच्यानं हा आजार होत नाही. तेव्हा घरच्यांनी आजारी बाईला तिच्या ताटावरून बोलणं आधी थांबवावं.

त्रास कसा असतो ते ज्याला झाला त्यालाच कळतं. कळ येते, धावत जावं लागतं, आणि बसलं की संडास नाहीच. चमचाभर रक्त आणि आव. हात धुऊन उठावं तर परत कळ. गंमत वाटावी असं काही नाही यात. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरेला ओटी बांधून बाई कपाशीच्या ओळीत उभी असते, बाजूला गडीमाणसं असतात, आणि तिला अर्ध्या तासात तिसऱ्यांदा ओटी सोडून धुऱ्याकडे जावं लागतं. कितीजणी मग सकाळपासून खातच नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. याच आजारात वरच्या बाजूला मळ अडकून बद्धकोष्ठही होतं. मग ‘पोट साफ होत नाही’ म्हणून जुलाबाचं चूर्ण सुरू होतं, आणि हाल आणखी वाढतात.

आपल्याकडे संडासवाटे रक्त म्हटलं की मूळव्याध. मलाही बाजारच्या गावातल्या एका डॉक्टरनं न तपासता मूळव्याधीचं मलम दिलं होतं आणि ते मी बरेच महिने लावलं. मूळव्याधीत बहुधा संडास झाल्यावर लाल रक्ताचे थेंब पडतात. आव, सारखी कळ, पोट साफ झालंच नाही असं वाटणं, हे सोबत असेल तर दुसरं काही आहे का ते बघायलाच हवं. पण रंग पाहून घरच्या घरी निदान करू नका. रक्ती आव अमिबानं होते, जंतूंनीही होते, म्हणून आधी संडासची तपासणी. आतड्याचा टीबी असतो, कॅन्सरही असतो. त्यासाठी दुर्बिणीनं आतून तपासणी. गुदाशय आणि त्याच्या वरचा थोडा भाग पाहायला थोडी मिनिटं पुरतात. आतला इवलासा तुकडा तपासायला काढतात, त्यालाच बायोप्सी म्हणतात. ‘तुकडा काढला म्हणजे कॅन्सर’ असं मुळीच नाही. मला यासाठी नागपूरला जावं लागलं, आणि तिथे पहिल्यांदा माझ्या त्रासाला खरं नाव मिळालं.

आता गोळीचं. औषध आहे मेसालामाइन. तोंडानं घेतलेलं औषध पोट, लहान आतडं, मग अख्खं मोठं आतडं असा प्रवास करतं. कॅनॉलचं पाणी शेवटच्या वावरापर्यंत येता येता जसं संपतं, तसं ते गुदाशयाला फार थोडं पोचतं. आणि आपला रोग नेमका त्या शेवटच्या वावरात. मागून ठेवलेली गोळी, म्हणजे सपोझिटरी, थेट जखमेवर विरघळते. म्हणून गुदाशयापुरत्या आजारात ती तोंडाच्या गोळीपेक्षा सरस ठरली आहे. सहसा १ ग्रॅमची एक, रोज रात्री.

संडासला जाऊन यायचं, हात धुवायचे, डाव्या कुशीवर झोपून वरचा गुडघा पोटाशी घ्यायचा आणि गोळी निमुळत्या टोकानं बोटभर आत सरकवायची. मग उठायचं नाही. रात्रभर राहिली तर उत्तमच, निदान काही तास तरी. कपड्याला डाग पडतात, म्हणून जुनं लुगडं अंथरा. ही गोळी २५ अंशांखाली ठेवायची असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. फ्रीजमध्ये ठेवली तर चालते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही अशा काहीजणींच्या पट्ट्या माझ्या फ्रीजमध्ये बिस्किटाच्या डब्यात असतात. डबा कुणाचा, हे माझ्या घरात कुणी विचारत नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो. “रक्त तं थांबलं, मंग कायले ठेवाची?” रक्त आधी थांबतं, अस्तर भरून यायला त्याहून वेळ लागतो. हा आजार परत उलटणारा आहे. किती दिवस रोज, कधी एक दिवसाआड, कधी बंद, हे डॉक्टरनं ठरवायचं. आपण नाही, आणि शेजारणीनं तर नाहीच. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर सोबत तोंडाची गोळी देतात, किंवा मागूनच स्टिरॉइड देतात, आणि पुढेही औषधं आहेत. पोटातून घ्यायचं स्टिरॉइड मात्र स्वतःहून सुरू करू नका आणि एकदम सोडूही नका. मेसालामाइन चालू असेपर्यंत अधूनमधून किडनीची रक्ततपासणी होते, ती चुकवू नका. हिमोग्लोबिनही बघून घ्या. रोज थोडं थोडं रक्त जाऊन बाई पांढरी पडते आणि घरी म्हणतात कामचुकार झाली.

एक सांगायचं राहिलंच. वेचणीत कंबर धरली की आपण किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी हा आजार उसळू शकतो. डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल घ्या.

बहुतेकांचा आजार गुदाशयापुरताच राहतो, काहींचा पुढे वर सरकतो. दिवसातून सहा-सहा वेळा रक्ताची संडास, ताप, छातीत धडधड असं झालं तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

आणि तपासायला पुरुष डॉक्टर असेल तर नर्सबाईला सोबत उभं राहायला सांगा. तसं मागता येतं. कुणी नसेल तर मला निरोप द्या. शाळेला सुटी असली की मी येते.