आधी पुस्तक, मग पिक्चर: बारापैकी सात जोड्या झाल्या

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण एका जोडीत अशी अडकले होते की विचारू नका, ते येईलच पुढे. आधी हिशोब. बारा जोड्या ठरवलेल्या, म्हणजे एक भयकथा, विज्ञानकथा किंवा डिटेक्टिव्ह कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला जुना पिक्चर, त्यातल्या सात झाल्या. नियम तेच: पुस्तक संपल्याशिवाय पिक्चरला हात लावायचा नाही, ट्रेलरसुद्धा नाही, आणि पिक्चर लावायच्या आधी वहीत तीन अंदाज लिहायचे की हे लोक काय बदलणार. पुस्तक भारी की पिक्चर ह्या वादात मला आता काही रस उरलेला नाही, नेमकं काय बदललं आणि कशापायी बदललं हे शोधण्यात खरी मजा आहे. आत्तापर्यंत २१ अंदाज, बरोबर फक्त ६. सातवा होता, पण तो मीच खोडला.

तो 'ड्रॅक्युला'चा. १८९७ चं पुस्तक, सगळं डायऱ्या, पत्रं, तारा, फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी असं जोडून केलेलं, आणि मला पहिला धक्का हा बसला की काउंटसाहेब भर दिवसा लंडनमध्ये हिंडतायत. पिकॅडिलीत एका सुंदर मुलीकडे टक लावून बघतोय आणि जोनाथन हार्कर त्याला ओळखून जागच्या जागी गार पडतो. उन्हाने त्याला काही होत नाही, दिवसा फक्त त्याच्या शक्ती चालत नाहीत. मरतो तोही सुऱ्यांनी, एक कुकरी आणि एक बोवी नाइफ, सूर्य मावळता मावळता.

म्हणून वहीत लिहिलं, पिक्चरमध्येही हा दिवसा फिरणार. मुर्नाऊचा १९२२ चा 'नोस्फेराटू' लावला आणि काय, काउंट ऑरलॉक (म्हणजे आपला ड्रॅक्युलाच, फक्त नाव बदललेलं) स्वतःची शवपेटी काखेत मारून लख्ख उन्हात रस्त्याने चाललाय! अगदी कामाला निघाल्यासारखा. मी खुशीत बरोबरची खूण केली. आणि शेवटी तोच ऑरलॉक सकाळच्या उन्हात नुसता धूर होऊन जातो. म्हणलं अरे, मघाशी फिरत होतास ना बाबा? दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा उलगडलं की त्या काळात रात्री बाहेर शूटिंग करणं फिल्मला झेपायचं नाही, त्यामुळे दिवसा शूट करायचे आणि प्रिंटला निळा रंग चढवायचे, निळं दिसलं की प्रेक्षकाने रात्र समजायची. मी बघितलेली कॉपी रंग न चढवलेली होती. रिस्टोअर केलेली शोधून परत बघितली, तोच रस्ता, तीच पेटी, सगळं निळं, आणि मघाशी ज्या शॉटला हसले होते तिथे ह्यावेळी अंगावर काटा आला. खूण खोडली.

उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे आपण सगळे गृहीत धरून बसलोय ते पुस्तकातलं नाहीच, ते ह्या पिक्चरमधून आलंय, आणि हा पिक्चर तर चक्क हक्क न घेता काढलेला. नावं बदलली, पण 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकरची बायको फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रिंट नष्ट करायचा आदेश निघाला. काही प्रिंट वाचल्या म्हणून आपण बघतोय. म्हणजे पुस्तकाच्या मालकिणीने जो पिक्चर जाळायला लावला त्यातलाच नियम पुढे सगळ्या व्हॅम्पायरांना लागू झाला.

आता ती अडकलेली जोडी. शर्ली जॅक्सनची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस', १९५९, आणि तिच्यावरचा रॉबर्ट वाइजचा 'द हॉन्टिंग', १९६३. आधी एक तक्रार. माझ्या आवृत्तीत सुरुवातीला कोणा अभ्यासकाची प्रस्तावना आहे आणि तिच्या तिसऱ्याच पानावर कादंबरीचा शेवट सांगून टाकलाय. जुनं पुस्तक म्हणजे सगळ्यांनी वाचलेलंच असणार असं ह्यांना का वाटतं कळत नाही. तेव्हापासून प्रस्तावना शेवटी वाचायची हा नवा नियम.

तरीही पुस्तकाने सोडलं नाही. त्या झपाटलेल्या घरात राहायला आलेली एलेनॉर अंधारात पडलीये, पलीकडच्या खोलीतून कोणीतरी बडबडतंय, मग लहान मूल रडल्यासारखा आवाज, आणि ती सोबतच्या थिओचा हात घट्ट धरून ठेवते, इतका घट्ट की बोटांची हाडं लागतायत. दिवा लागतो तर थिओ लांब तिच्या पलंगावर उठून बसतेय. एलेनॉर म्हणते, मग इतका वेळ मी हात कोणाचा धरला होता? वाचून पुस्तक मिटलं आणि उगाच स्वयंपाकघरातला दिवा लावून आले.

पिक्चरमध्ये हा सीन तसाच ठेवलाय पण दाखवलंय काय, तर भिंतीवरची नक्षी. कॅमेरा हळूहळू तिच्याकडे सरकतो, आणि त्या पानाफुलांत तुम्हाला चेहरा दिसायला लागतो, दोन डोळे, एक तोंड. भूत पूर्ण पिक्चरभर एकदाही दिसत नाही. माझा अंदाज होता की शेवटी तरी काहीतरी दाखवतील, साफ चुकला. त्याऐवजी एक दार आहे, मोठं जाड लाकडी दार, ते बाहेरून कोणीतरी रेटल्यासारखं आत फुगतं, परत बसतं, परत फुगतं, म्हणजे दारच श्वास घेतंय असं. तो शॉट मी चार वेळा मागे नेऊन बघितला.

घर वाकडं दिसतं ते सेटमुळे असेल असं वाटलेलं, तर ती लेन्सची करामत निघाली. पॅनाव्हिजनची ३० मिमीची वाइड लेन्स तेव्हा अजून पूर्ण तयार नव्हती, चित्र वाकवायची, म्हणून कंपनी द्यायला राजी नव्हती, तर वाइजने दोष माहीत असून घेतोय असं लिहून दिलं आणि ती वापरली. बाहेरून घर दिसतं ते शॉट इन्फ्रारेड फिल्मवर घेतलेत, त्यामुळे दगडी भिंती आजारी माणसासारख्या दिसतात. हा माणूस व्हॅल ल्यूटनच्या हाताखाली तयार झालेला, तेच ते १९४२ चा 'कॅट पीपल' काढणारे, ज्यात बाई अंधाऱ्या रस्त्याने चाललीये, मागे पावलं, आता झडप पडणार, आणि फिस्स करून समोर येऊन थांबते ती बस. न दाखवता घाबरवायचं तिथूनच आलं असणार असं माझं मत.

एक गाढवपणा कबूल करते. पहिल्यांदा बघितला तेव्हा टीव्हीत मोशन स्मूदिंग चालू राहिलं होतं. सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर, टीव्ही मध्ये स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसडतो, आणि मग साठ वर्षांपूर्वीचं झपाटलेलं घर दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. अर्धा तास मला वाटत होतं की पिक्चरच पडेल आहे. सेटिंग बंद केलं आणि पहिल्यापासून लावला. तुमच्याकडे आधी तपासा, बहुतेक टीव्हींत ते मुळातच चालू असतं.

'हू गोज देअर?' ह्या जोडीला खरं तर तिहेरी म्हणायला पाहिजे. जॉन कॅम्बेलने १९३८ मध्ये डॉन स्टुअर्ट ह्या टोपणनावाने लिहिलेली लांब कथा, अंटार्क्टिकावरचा तळ, ३७ माणसं, आणि बर्फातून निघालेला प्राणी जो कोणाचंही रूप घेतो. १९५१ च्या 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' ह्या पिक्चरने रूप घेण्याची मूळ आयडियाच काढून टाकली, तिथे तो चालताबोलता वनस्पती-राक्षस आहे आणि तळही उत्तर ध्रुवाकडे नेलाय. वाईट नाही, भराभर बोलणारी माणसं आहेत, पण ती भीती गेली की शेजारी बसलाय तो तोच आहे का.

१९८२ मध्ये जॉन कार्पेंटरने 'द थिंग'मध्ये ती परत आणली, माणसं १२ केली, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा लक्षात राहतो (३७ मध्ये मी तीन वेळा पानं उलटून कोण कोण बघत होते). रक्ताची परीक्षा दोन्हीकडे आहे, रक्तात तापलेली तार टेकवायची, माणसाचं असेल तर गप्प राहील, त्या प्राण्याचं असेल तर स्वतःचा जीव वाचवायला बघेल. पिक्चरमध्ये ह्याची बांधणी बघा, तार टेकली की चर्र, काही नाही, पुढचा, चर्र, काही नाही, आपल्याला ताल कळतो, सगळ्यांचं लक्ष ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे, हिरो मॅकरेडी त्याच्याशीच वाद घालत घालत सहज पुढच्या बशीत तार टेकवतो, आणि तेव्हा. मला माहीत असूनही मी उडाले. राक्षस बनवणारा रॉब बॉटिन तेव्हा विशीतला पोरगा होता हे कळल्यावर स्वतःच्या विशीबद्दल जरा वाईटच वाटलं. आणि एवढं सगळं करून पिक्चर आपटला. २५ जून १९८२ ला आला, त्याच दिवशी 'ब्लेड रनर' आला, आणि दोनच आठवडे आधी गोड परग्रहवासीवाला 'ई.टी.' लागला होता. लोकांना त्या उन्हाळ्यात गोडवालाच हवा होता. 'ब्लेड रनर'पण तेव्हा चालला नाही.

'द बिग स्लीप' वाचताना मला वाटलं मी मठ्ठ आहे. १९३९ ची कादंबरी, त्यात ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात सापडतो, त्याला कोणी मारलं हे मी दोनदा वाचूनही सापडेना. मग कळलं की १९४६ चा पिक्चर करताना हॉवर्ड हॉक्सच्या मंडळींनाही सापडलं नव्हतं, त्यांनी लेखक रेमंड चँडलरला तार करून विचारलं, आणि चँडलर म्हणतो मलाही माहीत नाही! जीव भांड्यात पडला. असं झालं कारण त्याने मासिकांत आलेल्या स्वतःच्याच जुन्या कथा, मुख्यतः दोन, जोडून ही कादंबरी केली होती, सांध्यात एखादा ड्रायव्हर राहणारच. पिक्चरही जोडकाम आहे, १९४५ मध्ये तयार झालेला मागे ठेवला, आधी युद्धाचे पिक्चर संपवले, मग बोगार्ट आणि बकॉलचे नवीन चुरचुरीत सीन घालून काढला. कथा आणखीनच कळेनाशी झाली आणि पिक्चर आणखीनच बघणेबल झाला, हे कसं ते मला विचारू नका.

बाकीच्यांचं पटकन. 'द बॉडी स्नॅचर्स' (१९५५) पुस्तकात परग्रहावरून आलेल्या, माणसांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या शेंगा शेवटी माणसांच्या चिवटपणाला कंटाळून पृथ्वी सोडून निघून जातात, मला हे फारच पुचाट वाटलं. १९५६ च्या पिक्चरचा दिग्दर्शक डॉन सीगल जास्त काळा शेवट करणार होता तर स्टुडिओने पुढेमागे धीर देणारे सीन चिकटवायला लावले. १९७८ च्या पिक्चरमध्ये मात्र कोणी कोणाला धीर देत नाही. 'प्लॅनेट ऑफ द एप्स'च्या फ्रेंच कादंबरीत (१९६३) माकडांकडे मोटारी आणि विमानं आहेत, १९६८ च्या पिक्चरमध्ये दगडमातीची घरं, कारण आधुनिक शहर उभं करणं बजेटमध्ये बसेना. इथे मात्र पैशाच्या तंगीने भलं केलं असं मी म्हणेन.

'रोडसाइड पिकनिक' एका बैठकीत वाचली, आणि तिच्यावरचा 'स्टॉकर' (१९७९) बघताना झोपले. दोनदा. जागी झाले तरी ती तीन माणसं तिथेच पडलेली गवतात. स्ट्रुगात्स्की बंधूंनी स्वतः पटकथा लिहून आपल्या पुस्तकातल्या सगळ्या चमत्कारिक वस्तू बाहेर फेकल्यात हे बघून आधी रागच आला. तिसऱ्यांदा दोन दिवसांत वाटून बघितला, तसाही पिक्चरचे दोन भाग आहेतच, आणि दुसऱ्या दिवशी जागी राहिले एवढंच नाही तर संपल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. त्यावर नीट लिहीन, आत्ता जमत नाहीये.

आठवी जोडी मॅथेसनची 'आय ॲम लेजंड' (१९५४). पुस्तक काल रात्री संपलं. पिक्चर तीन आहेत, १९६४, १९७१ आणि २००७, मी सुरुवात पहिल्यापासून करणार, त्याची पटकथा मॅथेसनने लिहिली आणि मग न आवडून स्वतःचं खरं नाव काढून घेतलं. अंदाज लिहून झालेत: एक, कुत्र्याचा भाग लांबवतील. दोन, जंतूंचं शास्त्र दोन वाक्यांत उरकतील. तीन, शेवटची ती ओळ ठेवायची हिंमत करणार नाहीत. ज्यांनी बघितलाय त्यांनी कृपा करून शनिवारपर्यंत गप्प बसा.