आंबेनळी उतरून, वरंधा चढून: घाटात ब्रेकच्या डिस्क सांभाळण्याबद्दल

पुण्याहून वाई, पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर, तिथून आंबेनळी उतरून पोलादपूर-महाड आणि वरंधा चढून भोरमार्गे परत, असा हा फेरा. देखाव्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी ब्रेकवर लिहितो. अशा फेऱ्यानंतर "डिस्क वाकली" (म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी) म्हणत गॅरेज गाठणारे अनेक जण असतात. डिस्क बदलतात किंवा लेथवर घासून सपाट करून आणतात, आणि काही महिन्यांत स्टेअरिंग पुन्हा थरथरायला लागतं. कारण न शोधता डिस्क बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

निघायच्या आधी पुढच्या डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड नवे टाकले होते. सामान नाना पेठेतून आणलं, पण बसवताना मिस्त्रींकडे डायल गेज आहे ना, हे आधी विचारलं. हे तुम्हीही विचारा. गेजची सुई डिस्कला टेकवून मिस्त्रींनी डिस्क हाताने सावकाश फिरवली, तर सुई दहा-बारा घरं हलली. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. डिस्क कोरी करकरीत, तरी एवढा फरक! त्यांनी ती काढली, हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज वायर ब्रशने घासला, कापडाने पुसला आणि तीच डिस्क परत चढवली. सुई तीन घरांच्या आत आली. "साहेब, गंजाचा पापुद्रा आत राहिला की नवी डिस्कपण वाकडीच फिरणार," ते म्हणाले. बऱ्याच गाड्यांत डिस्क डुलण्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या, म्हणजे पाच घरांच्या, आसपास असते.

डिस्क अशी किंचित डुलत फिरली तर लगेच काही कळत नाही. हायवेवर ब्रेक न दाबताही तिची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला घासून जाते. कुठे लोखंड झिजतं, कुठे पॅडचा थर चिकटतो. काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि मग ब्रेक दाबला की हादरे बसतात. आपण ज्याला वाकणं म्हणतो ते बहुतेक वेळा हे असतं. चाकाचे नट एअर गनने कमी-जास्त आवळले तरी डिस्क हबवर तिरकी दाबली जाते. म्हणून वाटेत पंक्चर काढलं तर शेवटची आवळणी हाताच्या पान्याने, समोरासमोरचे नट घेत करून घ्या आणि पुण्यात आल्यावर टॉर्क रेंचने तपासा. नट किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

नवे पॅड थेट घाटात नेऊ नका. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक मारायचा. पूर्ण थांबायचं नाही आणि दर वेळी मध्ये थोडं अंतर जाऊ द्यायचं. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो तो असा.

सातारा रस्त्यावर आपल्या गाडीची परीक्षा होते. ऐंशी-नव्वदवरून हलका ब्रेक लावला की स्टेअरिंग हललं तर पुढच्या चाकांकडे बघा. सीट किंवा पेडलच हललं तर मागच्या. ब्रेक न लावताही थरथर असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या.

पसरणी घाट चढायचा असल्यामुळे तिथे ब्रेकला फारसं काम नाही. खरी कसोटी आंबेनळीची. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आणि पोलादपूर पार खाली कोकणात. माणसं-सामान धरून १,४०० किलोची गाडी तेराशे मीटर उतरली, तर जवळपास पाच युनिट विजेइतकी ऊर्जा बाहेर पडते. दोन किलोवॅटचा गीझर अडीच तास चालवल्यासारखं. हवा आणि इंजिन यांनी घेतली नाही, तर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

त्यामुळे उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाका, वेग वाढल्यावर नव्हे. पाय ब्रेकवर ठेवून उतरू नका. वेग वाढला की नीट दाबून कमी करा आणि पाय पूर्ण उचला. ऑटोमॅटिकवाल्यांनी एल किंवा मॅन्युअल मोड वापरावा. इलेक्ट्रिक गाडी वर शंभर टक्के चार्ज करून निघू नये, कारण भरलेली बॅटरी उतारावर ऊर्जा परत घेऊ शकत नाही. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं हा समज तर सोडूनच द्या. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं.

प्रतापगडच्या पायथ्याला, कुंभरोशीत, एक गाडी थांबली होती. जळका वास येत होता, अलॉयच्या फटीतून डिस्कवर निळे-जांभळे डाग दिसत होते आणि एक तरुण बाटली उघडून पाणी ओतायच्या बेतात होता. "अहो दादा, पाणी नका ओतू, डिस्क तडकेल," म्हणून थांबवलं. असे डाग म्हणजे डिस्क भयंकर तापल्याची खूण. ६५०-७०० अंशांच्या आसपास ओतीव लोखंडात कडक ठिपके तयार होऊ शकतात. ते आत खोलवर असतात, म्हणून वरवर लेथ मारून फायदा होत नाही.

ब्रेक तापलेत असं वाटलं तर शक्यतो सपाटीवर दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मगच थांबा. थांबल्यावर पेडल दाबून बसू नका. पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो. पहिला गिअर, हँडब्रेक आणि चाकाला दगड. पेडल मऊ लागलं तर मात्र तिथेच थांबा, ब्रेक ऑइल उकळत असेल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर १४० लाही उकळू शकतं. दर दोन वर्षांनी बदला.

महाडला थांबल्यावर चारही चाकांजवळ तळवा नेऊन बघा, हात मात्र लावू नका. पुढच्या दोन चाकांपैकी एकच फार तापलं असेल तर त्या बाजूचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असू शकतो, बहुधा त्याची पिन.

वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद असतो, चौकशी करूनच वळा. बंद असेल तर माणगाव-ताम्हिणीने या.

भोर, खेड-शिवापूर झालं की घर आल्यासारखं वाटतं, पण कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात झालेले आपण सगळ्यांनी वाचलेत. बोगद्यातून बाहेर पडताना तिसरा गिअर टाका, पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर ठेवा आणि आरशात मागच्या ट्रककडे लक्ष असू द्या. तो जवळ येतोय असं दिसलं तर लेन बदलून त्याला वाट द्या.