श्वास, कोर्ट, लगान : क्रमवारीचं काम कुठवर आलं

रत्नागिरीतल्या आपल्या गटात बघून क्रमवारी लावायच्या चित्रपटांची यादी आधी दुरुस्त केली. परभाषी चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं ते 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'ला. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' या भारताच्या प्रवेशिका होत्या, शेवटच्या पाचांत त्या नव्हत्या. गटात नामांकन मिळालेले आणि नुसत्या प्रवेशिका असलेले दोन्ही बघायचे, पण त्यांची क्रमवारी वेगळी.

पाचपैकी गुण देणं बंद. अर्ध्यांनी ५ आणि अर्ध्यांनी १ दिला तरी सरासरी ३, सगळ्यांनी ३ दिले तरी ३. 'कोर्ट'वरचा सगळा वाद त्यात बुडून जायचा. आता पसंतीक्रम लिहायचा. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाची अंतिम मोजणी २०१० च्या सोहळ्यापासून अशीच होते. समजा २१ चिठ्ठ्या आहेत आणि पहिल्या पसंतीची मतं ९, ७, ५ अशी पडली. निम्म्याच्या वर कुणीच नाही, म्हणून ५ वाला बाद. त्या चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती बघायची. ४ मतं दुसऱ्याला आणि १ पहिल्याला गेलं, तर ११ विरुद्ध १० ने दुसरा जिंकतो. न पाहिलेला चित्रपट मात्र तळाला टाकायचा नाही, ती जागा कोरी ठेवायची.

बरेच मतभेद चित्रपटाचे नसतातच. पावसात पत्र्याखाली संवाद बुडतात आणि "संथ आहे" असा शेरा पडतो. ५.१ (सहा वाहिन्यांच्या) ध्वनीची फाइल दोन स्पीकरवर लावली की मधल्या वाहिनीतले संवाद दबू शकतात, म्हणून प्लेअरमध्ये आउटपुट स्टीरिओ करा. स्पीकर पडद्याजवळ, बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर हवेत. टीव्हीवर बघणार असाल तर मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सोय) बंदच करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. दमट हवेत प्रोजेक्टरच्या भिंगाला बुरशी धरते. ओल शोषणारं सिलिका जेल घालून प्रोजेक्टर बंद डब्यात ठेवा.

एवढं केल्यावर जो वाद उरतो तो मोलाचा. 'कोर्ट'मध्ये काही घडत नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. सरकारी वकील बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, बचाव पक्षाचा वकील दुकानात वाइन-चीज घेतो, आणि कॅमेरा दोघांकडे सारख्याच अंतरावरून बघतो. खटला कोण कुठून लढतंय ते तिथेच कळतं. 'श्वास' भावुक आहे म्हणणाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी मुलाला दृष्टी जाणार हे खरं सांगण्यावरून होणारी बोलणी पुन्हा बघावीत. आजोबांच्या भूमिकेत अरुण नलावडे किती कमी बोलून काम साधतात!

पुढची खेप 'लगान'ची. लांबी पावणेचार तासांच्या आसपास, त्यामुळे मध्यंतर सामना सुरू होण्याआधी घ्यायचं आणि चिठ्ठ्या चर्चेच्या आधी भरून घ्यायच्या.