दोन वह्या

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही नक्की इतिहासवाले की झाडं-पाखरंवाले?" आजवर हसून टाळलं. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून सांगतो.

पूर्वी मीही दोन वह्या ठेवायचो. एकीत जुने कोरीव दगड: लढाईत पडलेल्यांचे वीरगळ, सतीशिळा, शापवाणीचे गद्धेगळ. दुसरीत झाडं आणि पक्षी. या शिस्तीचा कोण अभिमान होता मला!

सह्याद्रीच्या पायथ्याशी एका देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, वीरगळ पडले होते. एकावर तळाला पडलेला वीर आणि गायी, म्हणजे गुरं राखताना मेलेला. वर अप्सरा, त्याही वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. गावाला देवळात बसवून तासभर बोललो. शिलाहार राजांचा काळ, आठशे वर्षं, तुमचेच पूर्वज, वगैरे. टाळ्या पडल्या. दगडांची वही हातात होती, दुसरी पिशवीत.

दोन वर्षांनी गेलो तर स्लॅबचं देऊळ, चकचकीत फरशी, वीरगळांना ऑइलपेंट. आणि बेहड्याची झाडं नव्हती. गारंबीची मांडीएवढी वेल नव्हती. माझा आवाज चढला. म्हातारे गुरव शांतपणे म्हणाले, "गुरुजी, देवस्थान आठशे वर्षांचं असं तुम्हीच सांगितलंत ना? मग देव पत्र्याखाली कसा ठेवायचा? पैसा नव्हता, लाकूड विकलं."

घरी येऊन दुसरी वही काढली. त्यातल्याच एका बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी, ढोलीचं तोंड लिंपलेलं, नर फळं भरवतोय, अशी एप्रिलमधली नोंद माझ्याच अक्षरात. त्या गावात ती कुणालाही सांगितली नव्हती. तो त्या दिवशीचा विषय नव्हता ना!

मी बोललो नसतो तरी राई तुटलीच असती, असं मित्र म्हणतात. असेल. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक १९७०च्या दशकात देवराया नोंदवत फिरत होते, तेव्हाही त्या तुटतच होत्या. कुऱ्हाड माझी नव्हती, हेही खरं. पण राईतली काडीसुद्धा उचलायची नाही, हा त्या गावचा जुना नेम दगडांच्या वहीत लिहायचा की झाडांच्या, हे मला ठरवता आलं नव्हतं. म्हणून तो कुठेच लिहिला नाही.

आता वही एकच आहे. वेळेवर काही सापडत नाही, ते सोडा. गेल्या महिन्यात एका गावाने नव्याने सापडलेला वीरगळ दाखवला. राई दाट, जुन्या झाडांना ढोल्या. "गुरुजी, दोन शब्द बोला," म्हणाले. घसा बसलाय, असं सांगून निघालो.