हिवाळ्यात हुर्राक? तुम्ही विचारलंत म्हणून

‘डिसेंबरात हुर्राक नसते हे तुम्हालाही ठाऊक आहे, मग फेणीत कोमट कोकम ओतून तिला हिवाळी हुर्राक म्हणण्याचा हा खटाटोप कशासाठी?’ गोव्यात म्हापशाजवळच्या ज्या छोट्या बारचे काउंटर मी सांभाळतो, तिथे हा प्रश्न थंडी पडली की हमखास येतो आणि सुट्टीत सावंतवाडीला घरी गेलो, तर तिथेही तो माझ्या आधी पोहोचलेला असतो. आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण त्या हसण्याचा अर्थ लोक ‘याच्यापाशी उत्तर नाही’ असा लावतात, हे अलीकडे कानावर आले, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीत एकदाच गाळला की हुर्राक होते आणि तीच पुन्हा गाळली की फेणी, हे तुम्हाला मी सांगायला नको. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत ती ताजी मिळते, लिम्का, लिंबू, मीठ, बर्फ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायली जाते आणि पावसाबरोबर विषय संपतो. बाटलीत उरलेली हुर्राक दिवाळीला काढून पाहिलेल्या माणसाला ती का संपवायची असते हे कळते. तोवर तिच्यातला बोंडाचा वास उडून जातो आणि मागे उरते ती नुसती आंबूस दारू.

पर्यटक मात्र येतात डिसेंबरात. कुणीतरी त्यांना हुर्राकचे नाव सांगितलेले असते आणि ते मोठ्या आशेने मागतात. पूर्वी मी त्यांना ‘मार्चमध्ये या’ एवढेच सांगत असे, आणि सांगताना मला एक प्रकारचा अभिमानही वाटत असे, हे कबूल केले पाहिजे. ज्या गोष्टीचा हंगाम असतो तिला हंगामातच भेटावे, हापूस नोव्हेंबरात मागू नये, असे माझे ठाम मत होते. ते मत मी सोडलेले नाही. पण त्या वेळच्या मला आज एक विचारावेसे वाटते: बाबा रे, हापूस नोव्हेंबरात मागू नये हे खरे, पण मग आपल्या घरोघरी आंबापोळी आणि मोरांबा कशासाठी करतात? यावर तो म्हणेल की आंबापोळीला कुणी हापूस म्हणत नाही. आणि इथे माझी थोडी अडचण होते.

आधी दारूचे सांगतो. हुर्राकचा जोर साधारण 15 टक्के असतो आणि फेणीचा 42च्या आसपास. म्हणजे 45 मिली फेणीत 80 मिली दुसरे काही घातले की जोर हुर्राकइतका होतो. जोर तेवढा झाला म्हणून फेणीची हुर्राक होत नाही, हे मला मान्य आहे. दुसऱ्यांदा गाळल्यावर वासही बदलतो. पण मूळ दारू बदलून त्याच पेयाची हिवाळी आवृत्ती काढणे हा काही माझा अगोचरपणा नव्हे. इंग्रजांचे उन्हाळ्यातले लाडके मद्य पिम्स जिनवर बेतलेले असते आणि त्याची हिवाळी आवृत्ती निघाली ती ब्रँडीवर. त्यावर कुणी मोर्चा काढल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

खरा प्रश्न दारूचा नव्हताच, बाकीच्या पेल्याचा होता. लिम्का गरम करता येत नाही, कारण पाणी तापले की त्यातला वायू निघून जातो आणि मागे नुसता साखरेचा पाक राहतो. हिरवी मिरची कोमट पेयात टाकली तर ती बर्फातल्यापेक्षा कितीतरी पट झोंबते, कारण तिखट आणि चटका या दोन्हींची वर्दी जिभेवरचा एकच संवेदक देतो आणि बर्फ त्याला झोपवून ठेवतो. म्हणून मी एकेका जिन्नसाला विचारू लागलो की तू उन्हाळ्यात नेमके कोणते काम करत होतास. आंबट आणि मीठ यांचे उत्तर लगेच मिळाले: कोकमाचे आगळ, म्हणजे खारवलेला कोकमाचा रस. ते उन्हाळ्यातच मीठ घालून केलेले असते, वर्षभर टिकते आणि दोन्ही कामे एकटे करते. साखरेऐवजी माडाचा गूळ आला. अडले ते लिम्काच्या त्या चिमचिमण्यावर, कारण त्याच्याशिवाय पेला सपक लागत होता. ते सापडले तिरफळात, म्हणजे कोकणात माशांच्या कालवणात घालतात त्या मसाल्याच्या फळात. बिया काढून टाकलेली दोन तिरफळे ठेचून गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवली आणि पाणी गाळून घेतले, तर जिभेच्या टोकाला जी बारीक झिणझिणी येते ती सोड्याच्या फार जवळची असते. मला आजही हा माझा शोध वाटतो, आणि तो मी कुणालाही देणार नाही असे ठरवून आता इथे लिहून मोकळा झालो आहे.

आता तो प्रसंग. आमच्याकडे फेणी पेडण्याकडच्या एका भट्टीवरून येते. भट्टी घरातल्या पुरुषाच्या नावावर असली, तरी भाणाखालचा, म्हणजे गाळायच्या भांड्याखालचा, जाळ किती ठेवायचा आणि धार कधी थांबवायची हे ठरवतात त्याच्या घरातल्या मावशी. एका जानेवारीत, शनिवारी संध्याकाळी, गराफांव, म्हणजे फेणीचा मोठा काचेचा बुधला, पोचवायला मुलाच्या टेम्पोतून त्या स्वतःच आल्या. बार भरलेला होता, काउंटरपाशी पुण्याचे एक मित्रमंडळ बसले होते आणि त्यांच्यापुढे माझे ते कोमट पेले होते. मला भलताच उत्साह आला. मावशींना मी खुर्ची दिली, एक छोटा पेला केला आणि त्यांच्याच फेणीचे काय झाले आहे ते बघा म्हणून पुढे ठेवला.

त्यांनी पेला तोंडाला लावला नाही. चमचा मागितला, चमच्याने दोन वेळा चव घेतली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काय रे झिला, ह्यां तर सर्दीचा औषद! औषदाक इतके पैशे घेतंस?”

पुणेकर हसले. मीही हसलो, कारण दुसरे काय करणार. कोमट पाण्यातून गूळ घालून फेणी घरोघरी पडशाला देतात हे मला लहानपणापासून माहीत होते, आणि तरीही तोपर्यंत हे दोन पेले माझ्या डोक्यात कधी शेजारी आले नव्हते. मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पेल्याचा वास घेऊन त्यांनी विचारले, “आणि तिरफळा? तिरफळा बांगड्याक घालतत.” मी सोड्याचे, चिमचिमण्याचे सगळे शास्त्र त्यांना समजावू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि भिंतीवरच्या फळ्यावर मी खडूने लिहिलेल्या नावाकडे बोट दाखवून विचारले, “हुर्राक खंय आसा ह्यात?”

मग त्यांनी जे केले ते मी विसरू शकत नाही. त्या उठून काउंटरच्या आत आल्या, पदर खोचला, नुकत्याच आलेल्या गराफांवातली थोडी फेणी एका उंच पेल्यात घेतली, बर्फ मागितला, लिम्काची बाटली मागितली, मीठ चिमटीने टाकले, लिंबू हातानेच पिळले आणि मिरचीला नखाने चीर देऊन ती वरून सोडली. जानेवारीत, पंखे बंद असताना, बर्फ घालून. पेला पुणेकरांपैकी एकापुढे सरकवून त्या म्हणाल्या की हंगाम नसला तर आम्ही असे घेतो. त्याने घोट घेतला आणि दुसरे काही न बोलता आणखी चार सांगितले. शेजारच्या टेबलावरूनही तेच आले. त्या रात्री बार बंद होईपर्यंत माझा हिवाळी पेला पुन्हा कुणी मागितला नाही, आणि तिरफळाचे गाळून ठेवलेले पाणी मी मोरीत ओतले.

मावशींचा राग मला तेव्हाही आला नाही आणि आजही येत नाही, पण लागले ते लागलेच. मालकांनी दुसऱ्या दिवशी हिशेब बघून विचारले की ते गरम प्रकरण आता काढायचे का. मी नाही म्हणालो, आणि का नाही म्हणालो हेच तुम्ही सगळे विचारता आहात.

पहिले कारण भांडखोर आहे, तरी सांगतो. मावशींचा तो पेला परंपरेचा आणि माझा मनाचा, असे समजणाऱ्यांनी जरा पेल्यात डोकावून पाहावे. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, मिरचीही अमेरिकेतून त्यांच्याच वाटेने आली आणि लिम्काचा जन्म 1970च्या दशकातला. कोकम आणि तिरफळ मात्र याच सह्याद्रीच्या उतारावरचे. मग परका कोण? हा युक्तिवाद मी आमच्या मालकांपुढे केला तेव्हा ते म्हणाले की गिऱ्हाईक झाडाचा सातबारा बघून पेला मागवत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. बर्फाचा पेला संध्याकाळी सातला चालतो, अकराला चालत नाही. गोव्यात हिवाळा असतोच कुठे, असे म्हणून लोक माझी थट्टा करतात, आणि पणजीत जानेवारीतही किमान तापमान 20 अंशांच्या आसपास असते हे मी नाकारत नाही. पण आमच्या बारमागे शेत आहे, तिथून रात्री दव उतरते, आणि स्कूटरवरून घरी जाणारा माणूस शेवटचा पेला बर्फ घालून मागत नाही. त्या वेळेला तो माझ्याकडे वळतो. ते औषधच आहे असे मावशी म्हणाल्या. बरे, असू दे औषध. औषध चवीचे केले तर त्याचे पैसे का घेऊ नयेत, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही. उलट, घरी पडशाला फुकट मिळणाऱ्या गोष्टीला काचेच्या पेल्यात घालून तिचे मोल लावणे यात काहीतरी ओशाळवाणे आहे, हेही माझ्या मनातून गेलेले नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी मानतो.

काही बदल मात्र केले. पूर्वी पेला वाफाळता असे, आणि गरम फेणीचा वास पहिल्यांदा येणाऱ्याच्या नाकात असा घुसत असे की तो पेला हातभर लांब धरी. आता फेणीला आच दाखवतच नाही. तिरफळाच्या 65 मिली पाण्यात 10 ग्रॅम माडाचा गूळ विरघळवून, त्यात 15 मिली आगळ घालून ते साधारण 70 अंशांपर्यंत तापवतो आणि मग 45 मिली फेणी थंडच ओततो, म्हणजे पेला 55 अंशांच्या आसपास राहतो. हाताला ऊब लागते पण वास अंगावर येत नाही. आगळ फार खारट असेल तर 10 मिलीच घ्यावे. आले घालू नका. आल्याने ते खरोखरच काढा होते आणि मग मावशींपुढे माझी बाजू मांडायला काही उरत नाही. मिरची हवीच असेल तर ती पेल्यात न टाकता तोंडी लावायला द्यावी, असे माझे मत आहे; माझ्या सहकाऱ्याचे मत याच्या नेमके उलट आहे आणि मी सुट्टीवर असलो की तो ती टाकतोच.

राहिले नाव. हुर्राक नसलेल्या पेल्याला हुर्राक म्हणू नये हे मावशींचे म्हणणे बिनतोड आहे, कारण 2009मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर, कशाला फेणी म्हणायचे आणि कशाला नाही यावर बारमध्ये सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा मीच होतो. पण त्या पेल्याची घडण हुर्राकच्या पेल्यावरूनच केलेली आहे, हे सांगणारे दुसरे नाव मला सुचत नाही. सध्या फळ्यावर ‘कोमट फेणी, कोकम, तिरफळ’ एवढेच लिहितो. तसे लिहिल्यापासून तो पेला कमी खपतो, आणि मालक दर आठवड्याला जुने नाव परत लिहायला सांगतात.